भोंगा आणि पोळा : नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये झालेली दोन संस्कृतींची गाठ

१/
१९८६ साली अमेरिकेत ‘गंग हो’ नावाचा विनोदी चित्रपट झळकला. पेनसिल्व्हेनियातील एका काल्पनिक गावाचा मोटार कारखाना बंद पडतो. एक जपानी कंपनी तो चालवायला घेते. सकाळी कवायत करणारे जपानी अधिकारी आणि त्या कवायतीला हसणारे अमेरिकन कामगार एका छपराखाली येतात आणि पुढे जे घडते, त्यातून विनोद निर्माण होतो.

२/
त्याच वर्षाच्या डिसेंबरात या कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. ती अवघ्या नऊ भागांत संपली. मालिका अल्पायुषी ठरली तरी तिचा विषय मात्र चिरंतन होता. काम म्हणजे काय, वेळ कोणाची, सुटी हा हक्क की गुन्हा, या प्रश्नांवर मालक आणि कामगार वेगवेगळी भाषा बोलू लागले की काय होते?

३/
या नाट्याचा एक अस्सल प्रयोग त्याआधी शंभराहून अधिक वर्षे नागपुरात झाला होता. त्यात मालक मुंबईचा पारशी, तंत्रज्ञ लँकेशायरचा इंग्रज, व्यवस्थापक रेल्वेतून आलेला आणि कामगार नागपूरचे व आसपासच्या खेड्यांतले. रंगमंच होता एम्प्रेस मिलचा. ही त्या गिरणीची गोष्ट.

४/
प्रथम मालक. जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. १८६९ मध्ये त्यांनी मुंबईच्या चिंचपोकळीतील एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली, ‘अलेक्झांड्रा मिल’ असे तिचे नाव ठेवले आणि दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. नंतर ते इंग्लंडला गेले आणि लँकेशायरचा कापडधंदा त्यांनी जवळून पाहिला.

५/
परतल्यावर सर्वांना वाटले की नवी गिरणी मुंबईतच उभी राहणार. मुंबई तेव्हा हिंदुस्थानची कापडनगरी होऊ लागली होती. जमशेदजींनी मात्र नागपूर निवडले. कारणे साधी होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे नागपूरला पोहोचली होती. कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड करून परत पाठवायचे, हा द्राविडी प्राणायाम टळणार होता.

६/
१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरणी घालून तयार करण्यात आली. कर्ज मागितले तेव्हा एका स्थानिक सावकाराने नकार दिला, अशी कथा टाटांच्या चरित्रांत येते. हा माणूस मातीत सोने घालतो आहे, असे त्याचे मत होते. पुढे त्यानेच कबूल केले, म्हणतात, की याने माती घालून सोने काढले.

७/
१ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ असल्याची द्वाही फिरवण्यात आली. त्याच दिवशी नागपूरची गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग एवढा तिचा आरंभीचा संसार होता. पुढे ती पाच गिरण्यांचा समूह झाली.

८/
आता पात्रपरिचय. व्यवस्थापक म्हणून जमशेदजींनी निवडलेले बेझनजी दादाभाई मेहता हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत, माग, धोटा यांच्याशी त्यांचा पूर्वी काडीचा संबंध नव्हता. एवढा मोठा कारखाना अशा माणसाच्या हाती देणे पुष्कळांना धाडसाचे वाटले असेल. जमशेदजींना मात्र माणसे आणि माल यांचा ताळमेळ राखणारा गृहस्थ हवा होता. धंदा शिकता येतो, असा त्यांचा हिशेब.

९/
यंत्रांची बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हे लँकेशायरचे तंत्रज्ञ आले. म्हणजे मालकाची घरची भाषा गुजराती, तंत्रज्ञाची इंग्रजी, खात्याखात्यांतील कामगारांची नागपुरी वळणाची मराठी आणि हिंदी, आणि यंत्रांच्या सुट्या भागांची नावे इंग्रजीतून आलेली, कामगारांच्या तोंडी बसताना बदललेली. ‘बॉबिन’चे ‘बाबीण’ झाले. गिरणीची स्वतःची अशी एक भाषा घडत गेली.

१०/
पहिला पेच हवेचा होता. लँकेशायरची हवा दमट, त्यामुळे तेथे सूत सहसा तुटत नाही. नागपूरचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. अशा हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, धागा पुनःपुन्हा तुटतो आणि प्रत्येक तुटीगणिक कामगाराला यंत्र थांबवून गाठ मारावी लागते. ‘हे लोक मंद काम करतात’ या तक्रारीमागे कधी कधी माणूस नसून हवामान असते. एम्प्रेस मिलने हवेत आर्द्रता राखणारी यंत्रणा आणि आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था बसवली. हिंदुस्थानातील गिरण्यांत ही सुधारणा फार लवकरची मानली जाते.

११/
दुसरा पेच काळाचा होता आणि तो फवाऱ्यांनी सुटणारा नव्हता. टाटांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की सुरुवातीच्या काळात नागपूरच्या गिरणीत खाड्यांचे प्रमाण मोठे होते. दर पाच कामगारांमागे एक गैरहजर, ही नित्याची बाब होती. हाती थोडे पैसे जमले की माणूस घरी राही. मुंबईच्या कामगारापेक्षा नागपूरचा कामगार आरामप्रिय, असा निष्कर्ष त्या लेखनात सहज काढलेला दिसतो.

१२/
हा निष्कर्ष तपासून पाहायला हवा. शेतकऱ्याचे किंवा हातमागावरच्या कोष्ट्याचे काम कमी कष्टाचे नव्हते. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबे. मागणी आली की विणकराचे सारे घरच मागाला जुंपले जाई. पण या श्रमांना एक लय होती. कामाचा जोर आणि विसावा यांचे चक्र ऋतू, पाऊस, बाजार आणि सण ठरवीत. पोळ्याला बैलही कामाला लावायचा नाही, ही ज्या समाजाची रीत, त्यातल्या माणसाने त्याच दिवशी भोंग्याच्या हाकेला ओ द्यावी, अशी आता अपेक्षा होती.

१३/
नागपुरात तर पोळा एका दिवसात आटोपत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन निघालेली पोरे, आणि रोगराई, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतींची मिरवणूक. त्यात नात्यागोत्यातील लग्ने, जत्रा, मृत्यू, सुतक. गावच्या हिशेबाने या प्रसंगांना न जाणे हा गंभीर प्रमाद. गिरणीच्या हिशेबाने जाणे हा प्रमाद. एकाच माणसावर दोन कायदे चालत होते आणि दोन्ही पाळणे अशक्य होते.

१४/
बरे, हे केवळ नागपुरात घडले काय? इंग्लंडात औद्योगिक क्रांतीच्या आधी आणि ती सुरू झाल्यावरही कितीतरी काळ कारागीर सोमवारी कामावर येत नसत. रविवारची मौज सोमवारपर्यंत चाले. या प्रथेला थट्टेने ‘सेंट मंडे’, म्हणजे ‘संत सोमवार’ म्हणत. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी १९६७ च्या एका गाजलेल्या निबंधात दाखवले की घड्याळाच्या तालावर काम करण्याची सवय इंग्रज कामगारालाही पिढ्यान्‌पिढ्या दंड, घंटा, शाळा आणि प्रवचने यांतून लावण्यात आली.

१५/
म्हणजे जेम्स ब्रुक्सबी यांच्या देशातील कामगारांनाही त्यांचे मालक एके काळी आळशीच म्हणत होते. कारखान्याची शिस्त एखाद्या वंशाचा किंवा देशाचा उपजत गुण असत नाही. ती शिकवली जाते, लादली जाते आणि कधी कधी वाटाघाटीतून ठरते. नागपूरची खरी उत्सुकतेची बाजू ही, की येथे या तिन्ही गोष्टी एकाच गिरणीत दिसतात.

१६/
त्या काळी सर्वपरिचित उपाय म्हणजे दंड. उशीर झाला की दंड, खाडा पडला की पगारकपात, कापडात दोष निघाला तरी कपात. जमशेदजींनी वेगळी वाट धरली. कामगाराला गिरणीत टिकून राहावेसे वाटेल, असे काहीतरी गिरणीने द्यावे, असा विचार त्यांनी केला. नियमित हजेरीला आणि चांगल्या कामाला बक्षिसे सुरू झाली. रोख रक्कम, कापड, घड्याळे, सोन्याच्या साखळ्या यांचे समारंभपूर्वक वाटप होई. कुटुंबांसाठी मेळावे आणि खेळांचे सामनेही होत.

१७/
बक्षिसांतील घड्याळाकडे जरा थांबून पाहावे. ज्याच्या घरी वेळ सूर्यावरून आणि कोंबड्याच्या बांगेवरून कळे, त्याला वेळेवर आल्याबद्दल मिळालेली भेट घड्याळाची! गिरणीचा काळ आता कामगाराच्या घरी पोहोचला. आणि समारंभ तरी कशासाठी? गावात मान जसा चारचौघांत मिळतो, तसाच तो गिरणीतही मिळावा म्हणून. नव्या शिस्तीने जुन्या रीतीचाच पोशाख अंगावर घेतला होता.

१८/
त्याहून महत्त्वाचे निर्णय पुढे आले. १८८६ मध्ये गिरणीत निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास आरंभ झाला. या तारखांचे मोल कळण्यासाठी कायद्याच्या तारखा शेजारी ठेवाव्यात. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये. नागपूरची गिरणी पहिल्याच्या २८ वर्षे आणि दुसऱ्याच्या ६६ वर्षे पुढे होती.

१९/
यंत्रांच्या बाबतीतही ही गिरणी थांबली नाही. १८८३ च्या सुमारास तेथे रिंग पद्धतीच्या चात्यांची चाचणी झाली. या चात्या जुन्या पद्धतीपेक्षा वेगाने सूत काढत. लँकेशायरमधील बहुतेक गिरण्या तेव्हा जुन्या ‘म्यूल’ पद्धतीलाच धरून होत्या. तेथे त्या पद्धतीत तरबेज कामगारांची पिढी तयार होती आणि आधीच्या यंत्रांत मोठे भांडवल गुंतले होते. बदलाला बिचकणारा पक्ष येथे इंग्लंडचा होता. रूढिप्रिय पूर्व आणि प्रगत पश्चिम ही सोपी विभागणी नागपूरच्या साचेखात्यात उलटीपालटी झाली.

२०/
येथवर ही कथा दयाळू मालक आणि हळूहळू सुधारणारे कामगार अशी वाटेल. बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. पण त्याच गिरणीच्या इतिहासात आणखी एक तारीख आहे. १८७७ मध्ये, म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, एम्प्रेस मिलच्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. हिंदुस्थानातील गिरणी कामगारांचा नोंदला गेलेला हा सर्वांत आरंभीचा संप मानला जातो.

२१/
त्या संपाकडे निवृत्तिवेतन निधीच्या आधीची घटना म्हणून पाहिले की चित्र बदलते. निधी १८८६ चा, संप १८७७ चा. ज्या कामगाराला ‘कामाची सवय नाही’ असे म्हटले गेले, त्याला आपल्या कामाची किंमत मात्र पहिल्या वर्षापासून नेमकी ठाऊक होती. त्यावेळी ना संघटना होती, ना कायदा. घरी बसणे हा एकट्याचा विरोध आणि संप हा सर्वांनी मिळून घरी बसण्याचा विरोध. खाडा आणि संप यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

२२/
याच सुमारास मुंबईत दुसरा धागा विणला जात होता. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्यांचे निवेदन तयार केले आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुटी ही त्यांतील प्रमुख मागणी. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली.

२३/
जमशेदजी आणि लोखंडे यांचे मार्ग समोरासमोर ठेवले म्हणजे या साऱ्या प्रकरणाचा गाभा हाती लागतो. नागपुरात मालकाने दिलेले निवृत्तिवेतन ही कृपा होती. ती देणाऱ्याच्या दृष्टीवर आणि गिरणीच्या नफ्यावर अवलंबून होती. लोखंड्यांनी मागितलेली सुटी हा हक्क होता. तो मालक कोणीही असो, मिळायलाच हवा होता. कृपा लवकर पोहोचते, हक्काला वेळ लागतो. पण कृपेला कायद्याचे कोंदण लाभले नाही, तर ती मालकाबरोबर जाते.

२४/
संस्कृतींची गाठ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर इंग्रज आणि हिंदुस्थानी एवढेच येतात. गिरणीच्या आत याहून जुनी एक भिंत होती, जातीची. त्या काळी धोट्यात नवी कांडी भरताना विणकराला सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. ‘उष्ट्या’ सुताचा बाऊ करून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्याबाहेर ठेवण्यात आले. या खात्यात पगार अधिक असे, हे येथे लक्षात घ्यायचे. १९२८ च्या मुंबईतील मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

२५/
विदर्भातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा परंपरागत व्यवसाय होता. गिरणीच्या कापडाने तो बुडवला आणि त्याच गिरणीने त्यातील अनेकांना काम दिले. नागपूरच्या गिरण्यांत दलित कामगारांची संख्या लक्षणीय राहिली. भोंग्याची शिस्त जाचक होतीच, पण महिन्याचा रोख पगार बलुत्यासारखा कोणाच्या दारी जाऊन मागावा लागत नव्हता. गावगाड्याने नेमून दिलेल्या कामांतून बाहेर पडायला त्या पगाराने वाट दिली.

२६/
म्हणून ‘शहरी कारखाना वाईट आणि गावचे संथ जीवन चांगले’ हा निवाडाही अपुरा पडतो. सण-उत्सवांचा जो काळ कोष्ट्याला आपला वाटे, त्याच काळात अस्पृश्याच्या वाट्याला वेठ येई. उत्तर नागपुरातील कामगार वस्त्यांमधून शाळा, वाचनालये, सभा उभ्या राहिल्या. १९४२ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतरही येथेच झाले. या घटनांची कारणे अनेक आहेत. गिरणीच्या पगारावर उभे राहिलेले स्वतंत्र कामगार कुटुंब हे त्यांतील एक.

२७/
गिरणीचा ठसा शहराच्या नकाशावर अजून वाचता येतो. इंदोरा भागात एम्प्रेस मिलने कामगारांसाठी आदर्श वसाहत वसवली. बेझनबाग हे नाव रेल्वेतून आलेल्या त्या व्यवस्थापकाचे. बसच्या पाटीवर रोज ते नाव वाचणाऱ्या किती तरुणांना ठाऊक असेल, की कापसाचा एक तंतूही न ओळखणाऱ्या एका माणसाने ही वस्ती ज्यांच्यासाठी उभी राहिली, त्या माणसांना ओळखायला अर्धे आयुष्य खर्ची घातले?

२८/
आता पुन्हा अमेरिका. ‘गंग हो’च्या विनोदामागे खऱ्या कारखान्यांचे वास्तव होते. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. तेथील खाड्यांचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्याचे सांगितले जाई. नागपूरच्या आरंभीच्या काळाचा तोच आकडा! १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. बहुसंख्य कामगार जुनेच होते. तरीही खाडे झपाट्याने घटले.

२९/
माणसे तीच, पण वागणूक निराळी होती. दोष दिसताच दोरी ओढून साखळी थांबवण्याची मुभा साध्या कामगाराला मिळाली. सुधारणा सुचवणे हे त्याचे काम मानले गेले. ‘आळशी’ कामगार रातोरात उद्यमी झाला नव्हता. त्याला न विचारता चालणारा कारखाना आता त्याला विचारू लागला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या नागपूरलाही हे उत्तर अर्धेमुर्धे सापडले होते : माणूस खाडे करतो तेव्हा पहिला प्रश्न कारखान्याला विचारावा.

३०/
या दोन कथांना जोडणारा एक धागा तर अक्षरशः सुताचा आहे. मोटारींची टोयोटा जन्मली मागाच्या पोटी. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागात धागा तुटताच यंत्र आपोआप थांबे. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये लँकेशायरच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्र कंपनीने विकत घेतले. ज्या लँकेशायरकडे जमशेदजी शिकायला गेले, ते आता जपानकडून शिकत होते. दोष दिसताच थांबण्याचे फ्रीमाँटचे तत्त्व मुळात तुटलेल्या सुताचे तत्त्व होते.

३१/
आणि एम्प्रेस मिल? तिने १९७७ मध्ये शंभरी गाठली. पण जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि साऱ्या देशातील कापडगिरण्यांवर आलेले संकट तिलाही चुकले नाही. १९८६ मध्ये महाराष्ट्र शासनाने खास कायदा करून ती ताब्यात घेतली. ज्या वर्षी अमेरिका कारखान्यातील संस्कृतिसंघर्षावर हसत होती, त्याच वर्षी त्या संघर्षाचे नागपूरचे रंगमंदिर मालकाच्या हातून निसटले. २००२ मध्ये गिरणी कायमची बंद झाली. त्या जमिनीवर आज मॉल उभा आहे.

३२/
गिरणीचा भोंगा थांबला, तरी पाळीचे जग संपले नाही. नागपूरच्या उत्तरेला सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. परिसरात कोळशाच्या खाणी आणि मध्ये औष्णिक विद्युत केंद्र. तेथे १९८९ आणि १९९० मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले, २०००-०१ मध्ये तसेच आणखी दोन आणि २०११ मध्ये ५०० मेगावॅटचा पाचवा. एकूण क्षमता १३४० मेगावॅट. गिरणी रात्री थांबवता येत असे. वीजघराला रात्र नसते.

३३/
अशा गावात एकाच घरात दोन कालमापने नांदतात. कोणाचे वडील मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेले, मुलगा रात्रपाळीच्या तक्त्याकडे. पोळ्याच्या दिवशी बैलाला विसावा असतो, बाष्पकाला नसतो. आणि कायम कामगाराच्या शेजारी कंत्राटी कामगार उभा असतो, तेव्हा लोखंड्यांचा जुना प्रश्न पुन्हा जिवंत होतो : ही सुटी, हा निधी, ही भरपाई कृपा आहे की हक्क?

३४/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी या प्रकरणातून एक सावधगिरी घ्यावी. एम्प्रेस मिलविषयी जे सहज वाचायला मिळते, ते बहुतांशी मालकाच्या बाजूने लिहिलेले आहे. हजेरीपटावर कामगाराच्या नावापुढे पडलेला खाडा त्यात दिसतो. त्या दिवशी त्याच्या घरी लग्न होते, पेरणी होती, की कोणी मेले होते, हे दिसत नाही. खाड्याची नोंद मालकाची, खाड्याचे कारण कामगाराचे.

३५/
विनोदी मालिकेत शेवटच्या भागात सगळे एकमेकांना समजून घेतात आणि पडदा पडतो. नागपुरात तसा शेवटचा भाग झाला नाही. बक्षीस आणि संप, निधी आणि दंड, घड्याळ आणि पोळा ही सव्वाशे वर्षे शेजारी शेजारी राहिली. त्यातून जे निघाले, त्यावर आजचा प्रत्येक पगारदार उभा आहे. पुढच्या महिन्यात पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधीची ओळ दिसेल, तेव्हा जुम्मा तलावाकाठची ती गिरणी आठवावी. आणि तिच्याबरोबर १८७७ चे ते अनाम विणकरही, ज्यांनी माग थांबवले होते.